भारतीच्या अंगातली कळ

वरोरच्या आमच्या आळीत येऊन भारती कुठे राहते असं विचारलंत, तर लोक तुम्हालाच उलट विचारतील, "कोण, ती देवीवाली?" कप्पाळ माझं! बावीस वर्षं ही बाई बोंबील वाळवतेय, तिच्या अंगठ्यासारखा अंगठा अख्ख्या किनाऱ्यावर नाही, आणि ओळख काय, तर देवीवाली. ती माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा नविन माझा धाकटा दीर. आमची दोन घरं एका भिंतीची आणि सासू दोघींना मिळून एकच, विठाबाई. ती पाळीपाळीने दोन्ही घरांत भांडते. तेव्हा मी सांगते ते ऐकीव नाही, डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

बोंबील वाळवणं म्हणजे उन्हात टाकायचे आणि घरात जाऊन लोळायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्याकडे उभं राहून दाखवावं. दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या वलांडीवर टांगायचे, वारा बघायचा, आणि नेमक्या दिवशी उतरवायचे. बाहेरून बोंबील कडकडीत झाला तरी मानेजवळच्या जाड भागात ओल राहते. ती ओल गोणीत गेली की पावसात अख्खी गोण किड्यांची. भारती मानेजवळ अंगठा दाबायची आणि सांगायची, "उद्या दुपारी." नाहीतर, "आता काढ." बस्स. तिचं कधी चुकलं नाही. पावसाळ्याची बेगमी सुरू झाली की आळीतल्या बाया तिला हाताला धरून आपापल्या वलांडीकडे न्यायच्या. कौतुकाचा शब्द मात्र एकीच्या तोंडून नाही. कौतुक केलं तर जीभ झिजते ना त्यांची!

गेल्या माघातली गोष्ट. भर दुपारी आम्ही दोघी वलांडीखाली उभ्या होतो. भारतीने एकदम साडी पोटरीपर्यंत उचलली.

"वैनी, पाणी कोणी सांडलं?"

"कुठे?"

"अगं माझ्या नडगीवरून ओघळतंय बघ. थंडगार."

मी वाकून बघितलं. पाय कोरडा ठणठणीत, वर वाळूचा थर. मी म्हटलं, "थेरं करू नकोस. काम नको असेल तर सरळ सांग, उगीच पाण्याचं निमित्त कशाला?" तिने पदराने तो कोरडा पाय पुसला आणि पुन्हा कामाला लागली.

पाण्याचं ते ओघळणं काही थांबेना. आठ-दहा दिवसांत हातांवर आलं. भांडं घेतलं तर ओलं, उशी घेतली तर ओली, कपाटातली साडी काढली तर ओली. बोंबील तर सगळेच ओले. बायांनी नेहमीसारखं तिला वलांडीकडे नेलं, तिने अंगठा दाबला आणि म्हणाली, "अजून नाही. तीन दिवस राहू दे." बायांनी राहू दिले. तीन दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी माल उतरवला तेव्हा तो पापडासारखा हातात मोडायला लागला. तुकडे कोण घेतो? झालं, ज्या बाया हाताला धरून नेत होत्या त्या दारात येऊन शिव्या घालून गेल्या. एक तर म्हणाली, आमचं नुकसान करायला मुद्दाम केलंस. बावीस वर्षं जिच्या अंगठ्यावर गोणी भरल्या तिला हे बोलायला लाज वाटली नाही मेलीला.

मग एकेक वाढत गेलं. कातडीखालून मुंग्या चालतात म्हणायची. डाव्या मांडीला साडी लागली तरी तव्याचा चटका बसल्यासारखी बाजूला व्हायची, आणि मांडीवर फोड नाही, लाली नाही, काहीच नाही. सगळ्यात वाईट म्हणजे छाती. "वैनी, कोणीतरी बरगड्यांभोवती दोर गुंडाळून आवळतंय गं. श्वास घ्यायला जागा ठेवत नाही." ब्लाउज सैल केला, काढून टाकला, गाऊन घातला, तरी दोर तिथेच. डहाणूला एका डॉक्टरकडे नेलं. त्याने मानही वर केली नाही. छातीला वायरी लावून कागद काढला, म्हणाला गॅस आहे. दुसऱ्या खेपेला म्हणाला टेन्शन आहे, आणि सलाईन लावलं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला! सासूने निदान केलं की ही कामचुकार आहे. नविनने काहीच केलं नाही, कारण नविनला मत नसतं. त्याला विचारलं, जेवायला भात वाढू का, तर तो आईकडे बघतो. आणि मी? मी काय फार शहाणी होते असं समजू नका. मी तिला ऐकवायचे, "चाळिशी आली की सगळ्यांनाच मुंग्या येतात. मी सांगते का कोणाला?"

चैत्रात गावदेवीची जत्रा असते. बायांची रांग, ऊन डोक्यावर, गाभाऱ्यात धूर. भारतीचा नंबर आला. तिने नारळ ठेवला, उंबऱ्यावर डोकं टेकवायला मान खाली घातली, आणि अशी किंकाळी फोडली की ढोलवाल्यांचे हात थांबले. पाठ ताठ झाली, दोन्ही हात हवेत उडाले, पाय थरथरले. नारळाला धक्का लागून तो पायरीवर पडला आणि फुटला. मला नंतर तिने सांगितलं, मान वाकवल्याबरोबर मानेतून करंट निघाला आणि कण्यातून खाली टाचांपर्यंत गेला. मान वर केली तसा बंद.

पण हे तेव्हा कोण विचारतो? मागच्या बायांनी ओरडायला सुरुवात केली, "आली! आली! देवी आली!" कोणी हळद टाकली, कोणी कुंकू फासलं, कोणी तिच्या पायांवर पाणी ओतलं. आणि आमची सासू! सकाळीच जिने भारतीला चहासुद्धा धड पिऊ दिला नव्हता, ती विठाबाई सगळ्यांच्या आधी सुनेच्या पायांवर आडवी. भारती म्हणत होती, "अहो नाही, मला कळ आली, कळ." एक म्हातारी म्हणाली, "देवी अशीच असते. आधी नाही म्हणते." हो म्हटलं तरी देवी, नाही म्हटलं तरी देवी.

त्यानंतर मंगळवार सुरू झाले. सासूने पुढच्या खोलीत चौरंग मांडला, घोंगडी अंथरली, समया लावल्या, आणि माझी जाऊ त्या चौरंगावर. दुपारपासून लोक यायचे. वरोरचे, चिंचणीचे, पार झाईपर्यंतचे. प्रश्न एकेक असे की हसावं की रडावं. सून ऐकत नाही, काय करू? मुलाने मोबाईल फोडला, नवा घेऊ का? आणि मग सगळे मिळून, "आई, वाक ना. एकदा वाक." कारण मान वाकवल्याशिवाय देवी येत नाही हे त्यांना समजलं होतं. भारती वाकायची. करंट जायचा. ती झटका खायची, डोळ्यांत पाणी यायचं, आणि समोरचे हात जोडून समाधानाने मान डोलवायचे. माणसाला वेदना होताना बघून इतकं समाधान झालेले चेहरे मी दुसरीकडे बघितले नाहीत.

मी एकदा तिला पकडलं. "अगं, देवी काय मंगळवारीच येते का?"

"नाही गं," ती म्हणाली. "मासे साफ करायला मान खाली घातली तरी येते. न्हाणीत वाकले तरी येते."

"मग सांगत का नाहीस सगळ्यांना?"

"सांगितलं की! सात-आठ वेळा सांगितलं. कोणी ऐकतं का? आणि वैनी, एक सांगू? आता निदान कोणी मला कामचुकार म्हणत नाही. सासूबाई आधी मला ताट वाढतात. बसून राहिले तरी चालतं. मला नाहीतरी उभं राहवत नाही."

आजारी बाईला घरात बसायची परवानगी नाही, पण देवीला आहे. वा रे आमचं घर!

नारळी पौर्णिमा जवळ आली तसा सुरज तांडेल यायला लागला. दोन बोटींचा मालक, गळ्यात सोन्याची साखळी, बोलायला लागला की समोरच्याने फक्त ऐकायचं. त्याने विचारलं, बोट कधी लोटू? भारती दमलेली होती. म्हणाली, "सांभाळून जा." बस्स, एवढंच. सुरजने त्याचा अर्थ काढला की पहिल्या दिवशी जायचं नाही. तो तिसऱ्या दिवशी गेला, चांगली मासळी मिळाली, आणि त्याने गावभर डंका पिटला. समुद्रात जाताना सांभाळून जा हे सांगायला देवी लागते का? आमची आजी रोज सांगायची, तिला कोणी चौरंगावर बसवलं नाही.

सुरजचा डंका ऐकून गर्दी दुप्पट झाली. खोली तेवढीच. धूप, समया, माणसांची वाफ. भारतीचं एक मी बघितलं होतं, उकाडा वाढला की तिचे सगळे त्रास वाढायचे. हात बधिर, पाय जड, आणि दोर जास्तच आवळलेला. भाद्रपदात एका मंगळवारनंतर ती भिंतीला हात लावत माझ्या दारात आली.

"वैनी, डाव्या डोळ्याने धुरकट दिसतंय. डोळा फिरवला की आत दुखतं. कुंकू बघ, मला फिकं दिसतंय, धुतल्यासारखं."

मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. खरं सांगते, तोवर मला नुसता राग येत होता, सगळ्यांचा. भीती वाटली ती तेव्हा.

मी आठवड्यातून दोनदा घोलवडला टोपली घेऊन जाते. तिथे भाविनीबेन माझी जुनी गिऱ्हाईक. तिच्या सासरची चिकूची वाडी, घर कट्टर शाकाहारी, आणि ही माझ्याकडून कोळंबी घेऊन पिशवीत खाली ठेवते, वर चिकू रचते. पण बाई शिकलेली. वापीला एका इस्पितळात नर्स आहे. कोळंबी निवडता निवडता मी तिला आमच्या घरातली देवीची तऱ्हा सांगत होते, हसवण्यासाठी. ती हसली नाही. तिचा हात कोळंबीत तसाच राहिला.

"बेन, परत बोल. मान खाली केली तर करंट लागते?"

"हो. टाचेपर्यंत."

"आणि डोळा? छातीला पट्टा बांधल्यासारखं? कोरड्या पायावर पाणी?"

मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं?"

"अरे बेन, देवी-बेवी काय नाय हे. नसेची बीमारी हाय. आमच्याकडे पेशंट येतात असे. तिला घेऊन ये तू, लवकर घेऊन ये. डोळा गेला तर मग रडत बसशील."

घरी खरं सांगितलं असतं तर सासूने दारातच अडवलं असतं. म्हणून भाचीच्या लग्नाची साडी घ्यायची आहे, देवीच्या पसंतीची हवी, असं सांगून मी भारतीला वापीला नेलं. दोन खेपा झाल्या. भारतीला त्या गुहेसारख्या मशीनमध्ये घालून मेंदूचे आणि मणक्याचे फोटो काढले. नसांची डॉक्टरीण वयाने माझ्या मुलीएवढी. तिने भारतीला मान खाली घालायला लावली. भारतीने झटका खाल्ला. डॉक्टरीण म्हणाली, "बस, आता करू नका. पुन्हा मुद्दाम वाकायचं नाही." पाच महिन्यांत इतक्या लोकांनी तिला वाकायला सांगितलं होतं, वाकू नको म्हणणारी ही पहिलीच.

तिने कागदावर वायर काढून दाखवली. म्हणाली, आपल्या नसा म्हणजे वायर समजा, त्यावर रबराचं आवरण असतं. अंगाची राखण करणारी फौजच चुकून ते आवरण कुरतडते. मग निरोप चुकीचे जातात. पाणी नसतं, पण मेंदूला निरोप जातो पाणी आहे. दोर नसतो, पण आवळल्याचा निरोप जातो. "ह्यांना जे जाणवतं ते खरंच जाणवतं," ती माझ्याकडे बघून म्हणाली. मला वाटलं हिला कोणी माझं नाव सांगितलं की काय. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. समूळ जात नाही, पण आता चांगली औषधं आहेत, आवर घालता येतो. आधी पाच दिवस दाखल होऊन शिरेतून औषध घ्यायचं, मग पुढची औषधं कायम चालू. "उशीर करू नका. प्रत्येक झटक्यात काहीतरी जातं आणि सगळंच परत मिळतं असं नाही. आज डोळा आहे, उद्या पाय असतील. याच आठवड्यात या."

परतीच्या बसमध्ये भारती चिंचणीपर्यंत फोटोंची पिशवी छातीशी धरून होती. मग म्हणाली, "मी वेडी नाही ना, वैनी?" मी म्हटलं, "नाहीस." ती म्हणाली, "मला वाटत होतं मी वेडी झालेय."

घरी येऊन मी सगळं उघड सांगितलं. मला वाटलं होतं, फोटो आहेत, डॉक्टरच्या सहीचा कागद आहे, आता कोण काय बोलणार? कोण काय बोलणार! सासूने कागद उलटा धरून बघितला आणि म्हणाली, "देवीला सुया टोचणार? कोप झाला तर?"

"आई, तिचा डोळा चाललाय!"

"देवी एक घेते आणि दुसरं देते."

"तुमचा घेऊ दे की मग!" मी म्हटलं. सासू रडायला बसली. नविनने आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि म्हणाला, "आईला विचारून ठरवू." आई समोर बसली होती, मेल्या! सुरज तांडेलला कुठून वास लागला कोणास ठाऊक, तो संध्याकाळी हजर. म्हणाला, "भर सीझनमध्ये देवी गावाबाहेर नेऊ नका. माझी नवी बोट उतरायची आहे. दिवाळीनंतर बघू." जसा काही हिचा डोळा दिवाळीपर्यंत त्याच्यासाठी थांबणार होता. भारती म्हणाली, "सुरजभाऊ, मी माझ्या तोंडाने सांगते, मला आजार आहे. मला जायचंय." तो हसला, हात जोडले आणि म्हणाला, "आई परीक्षा घेते."

मी सगळं करून बघितलं. भांडले, रडले, जेवायची बंद झाले. एकटीने न्यायची तर दाखल करताना नवऱ्याची सही मागतात म्हणून नविनच्या मागे लागले. पोलिसांत जाईन म्हटलं. तेही हसण्यावारी नेलं. पाच दिवस गेले. तोवर भारतीला जिन्याची पायरी चुकायला लागली होती. आणि मंगळवार आला.

त्या मंगळवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी दाराला टेकून उभी होते, तोंड वाकडं करून, हाताची घडी घालून. मनात म्हणत होते, आज ही पडणार आणि यांचा खेळ संपणार. सुरज पहिल्या रांगेत, नव्या बोटीचा फोटो हातात. सासू समईत तेल घालत होती. भारती चौरंगावर बसली होती, डावा डोळा मिटून, कारण उघडा ठेवला की सगळं दुहेरी-धुरकट.

सुरज म्हणाला, "आई, वाक."

ती वाकली. करंट गेला, पाठ ताठ झाली. सावरली आणि पुन्हा वाकली, कोणी न सांगता. पुन्हा झटका. तिसऱ्यांदा वाकली ती पार कपाळ गुडघ्याला लागेपर्यंत. मी ओरडणार होते, अगं नको, डॉक्टरीण काय म्हणाली? पण ती वर आली आणि तिने तोंड उघडलं.

"विठा."

खोली गार पडली. सुनेने सासूचं नाव घ्यायचं, तेही असं उघडं, आई नाही, बाई नाही? आमच्याकडे आजवर कोणी घेतलेलं नाही. सासूच्या हातातली तेलाची वाटी तशीच राहिली.

"विठा, ही बाई आजारी आहे. हिला वापीला ने. आज, आता. सुया टोचतील, टोचू दे. मी सुईत बसून जाणार आहे." आवाज मोठा नव्हता. गोणी मोजताना जसा असतो तसा साधा. "नविन, तू सही करशील. आईकडे बघू नको, माझ्याकडे बघ. आणि सुरज, तुझी गाडी काढ. तूच चालव. रस्त्यात थांबलास तर तुझी बोट तू आणि समुद्र, मी मध्ये नाही. परत आल्यावर हिला कोणी चौरंगावर बसवलं, कोणी वाक म्हटलं, तर या घरात मी पाऊल ठेवणार नाही."

मग समईकडे बोट केलं. "विझव."

जिने डॉक्टरचा कागद उलटा धरला होता, तिने एका फुंकरीत दोन्ही समया विझवल्या. पाच दिवस जो आईला विचारून ठरवत होता, त्याने बायकोचं आधारकार्ड दोन मिनिटांत शोधलं. आणि सीझनचा मालक सुरज तांडेल अनवाणी धावत गेला गाडी आणायला. लोकांनी रस्ता करून दिला. भारती माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत बाहेर आली. या माणसांना मी काय म्हणू? मी माझं तोंड घट्ट मिटून ठेवलं होतं, कारण उघडलं असतं तर मी मोठ्याने हसले असते.

सुरजच्या पिकअपमध्ये पुढे सासू आणि नविन, मागे गादी टाकून आम्ही दोघी. चारोटीवरून हायवेला लागलो. गाडी अशी सुटली होती की तलासरीपर्यंत मी एका हाताने गादी आणि दुसऱ्याने भारतीला धरून होते. तलासरीला डिझेलसाठी थांबणं भाग होतं. सुरजने आधी मागे येऊन हात जोडून परवानगी घेतली, मग पंपावर गेला. सासू आणि नविन उतरून तोंडावर पाणी मारायला गेले. आम्ही दोघीच उरलो, तेव्हा माझा हसण्याचा बांध फुटला.

"काय बाई ती सोंगं करतेस! विठा म्हणालीस, विठा! म्हातारीचा चेहरा बघितलास का? आणि तो सुरज, चप्पल विसरला गं! मूर्खांचा बाजार नुसता. एकापेक्षा एक."

ती हसली नाही. गादीवर आडवी होती, मान हलणार नाही अशी ठेवून. चांगला डोळा माझ्यावर होता.

"वैनी, तूपण हात जोडले होतेस."

"मी? वेडी आहेस का? मी दारात हाताची घडी..."

"आधी घडी होती. मी विठा म्हटलं तेव्हा जोडलेस. मी समोरच बघत होते."

मी काही बोलायला गेले आणि मला आठवलं. दोन्ही तळवे एकमेकांवर, अंगठे छातीला लागलेले. मी फोटो बघितले होते. ती वायर मी बघितली होती. सगळं, सगळं मला माहीत होतं.

"सोंग नव्हतं ते," ती म्हणाली. "कळ खरीच होती. बोलले मी होते. देवी-बिवी कोणी नव्हतं, मीच होते. त्यांचं सोड गं, ते तसलेच. तू तरी मला ओळखायला हवं होतंस."

तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं आणि तिने ते पुसलं नाही. खरं पाणी आहे की निरोप चुकलाय हे तिला कळत नसावं. मी पदराने पुसलं. मला माझी इतकी किळस कधी आली नव्हती. इतके महिने मी सगळ्यांना शिव्या घालत हिंडत होते.

सुरज आला. मागच्या फळीपाशी उभा राहून, हात जोडून म्हणाला, "आईला चहा चालेल का?"

"तिचं नाव भारती," मी म्हटलं. "चहा आण आणि गाडी काढ."

गाडी निघाली. मी गादीवर तिच्या शेजारी सरकून बसले आणि विचारलं, "भारती, आता काय काय होतंय? कुठून कुठपर्यंत?" तिने आधी माझ्याकडे बघितलं, मी खरंच विचारतेय का म्हणून. मग टाचेपासून सांगायला सुरुवात केली. टाचेत काटे, नडगीवर गार पाणी, मांडीला चटका, बरगड्यांचा दोर, बोटांची टोकं कापसात बुडवल्यासारखी. वापी येईपर्यंत ती सांगत होती, आणि मी एकदाही मध्ये बोलले नाही.